नावाची जागा

सोमाजी दुर्गे एसटीच्या डेपोतून रिटायर झाला त्या दिवशी साहेबांनी त्याला हार घातला, सगळ्यांनी मिळून फोटो काढला, आणि दुसऱ्याच दिवशी एक बस काही केल्या सुरू होईना म्हणून त्यालाच बोलावणं धाडलं. इंजिनाचा आवाज ऐकून कुठं दुखतंय ते सांगणारा माणूस अशी त्याची गोंडपिपरी तालुक्यात ख्याती होती. बोलायला मात्र तो फार कंजूष. बायको सत्यशीला म्हणायची की यांच्याशी चार शब्द बोलायचे तर आधी आपल्याला बिघडावं लागतं.

मोहटोल्याला त्याच्या घरामागं टिनाच्या छपराखाली एक जुनी काळी लँडमास्टर उभी होती. एका लाकडाच्या ठेकेदाराची ती गाडी. मुलूख सोडून जाताना तो ती सोमाजीच्या दारात ठेवून गेला आणि परत आलाच नाही. तीन वर्षं तिच्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. ब्रह्मपुरीच्या कॉलेजातून बी. ए. अर्धवट सोडून मुलगा पत्रू घरी आला, काही दिवस तोंड पाडून बसला, आणि एके दिवशी त्यानं त्या कोंबड्यांना हुसकून दरवाजा उघडला. ही गाडी सुरू झाली तर मी ती गडचिरोलीपर्यंत भाड्यानं चालवीन, आजारी माणसाला बसची वाट बघत बसायला नको, असं तो म्हणाला. पत्रूच्या आधीची दोन मुलं पाळण्यातच गेली होती. चोवीस वर्षांचा हा एकुलता एक मुलगा आयुष्यात पहिल्यांदा बापाकडं काहीतरी मागत होता, आणि तेही बापाला देता येण्यासारखं. सोमाजीला इतका आनंद झाला की तो नुसता "पाहू" म्हणाला.

इंजिन ठणठणीत निघालं, पण कार्बोरेटरच्या पोटाला चीर गेली होती. चंद्रपूरला झिंगूच्या भंगारात दोन दिवस हात काळे केल्यावर त्याच जातीचा एक जुना कार्बोरेटर सापडला. तेलाच्या काजळीनं तो इतका काळा झाला होता की आधी ओळखूच येईना.

"कोन्या गाडीचा आहे हा?" सोमाजीनं विचारलं.

"लोखंडाचं गाव काऊन इचारता भाऊ," झिंगू म्हणाला. "इथी सारं बेवारस."

नोव्हेंबरचा पहिला आठवडा होता. शेतात धानाचे पुंजणे, म्हणजे कापलेल्या पेंढ्यांचे ढीग, लागले होते आणि गावभर कापलेल्या धानाचा वास होता. सोमाजीनं सपरीत, म्हणजे घराच्या पुढच्या पडवीत, पोतं अंथरलं, जुन्या परातीत रॉकेल ओतलं आणि कार्बोरेटर खोलायला घेतला. निघेल तो भाग निघेल त्या क्रमानं मांडून ठेवायचा, जेटच्या छिद्रात तार घालायची नाही, फुंकरीनंच ते साफ करायचं, ही त्याची शिस्त. पत्रू समोर उकिडवा बसून बघत होता आणि मधून मधून विचारत होता, आणि सोमाजी चक्क उत्तरं देत होता. आत चुलीपाशी सत्यशीलानं ते ऐकलं आणि तिचं मन भरून आलं.

कार्बोरेटर आणि इंजिन यांच्या मध्ये हवा गळू नये म्हणून जाड कागदाचं एक पॅकिंग असतं. लाडवाएवढं मोठं भोक मधोमध, दोन बाजूंना बोल्टांची दोन बारीक भोकं. इतक्या जुन्या गाड्यांचं तयार पॅकिंग नागपुरातही मिळत नसे, म्हणून सोमाजी ते घरीच कापायचा, लग्नाच्या नाही तर कसल्या तरी छापील कार्डाचं. कार्ड लोखंडावर धरायचं आणि कडेकडेनं हातोडीनं हलके ठोके द्यायचे, की कागद आपसूक कापला जातो. त्यात त्याची एक खोड होती. कार्डावरचं मुख्य नाव तो बरोबर मधल्या भोकाच्या जागी आणायचा, म्हणजे ते नाव सबंध निघून येई. कुणाचंही नाव तापलेल्या लोखंडाखाली जळू नये, एवढंच त्याचं म्हणणं होतं. त्या निघालेल्या गोल चकत्या तो चहाच्या एका डब्यात जपून ठेवी. तुमच्या डब्यात अर्ध्या तालुक्याचे नवरदेव झोपले आहेत, असं सत्यशीला त्याला चिडवायची.

भंगारातल्या त्या कार्बोरेटरचं जुनं पॅकिंग चिकटून बसलं होतं. पत्रू पाणी प्यायला आत गेला तेव्हा सोमाजीनं पातळ पात्यानं ते अलगद सोडवलं. ते अखंड निघालं. त्याच्या एका कोपऱ्याला नखाएवढी खाच होती. वरची बाजू कळावी म्हणून अशी खाच सोमाजी मारत असे, आणि तो डावखुरा असल्यामुळं ती उलट्या बाजूला पडे. त्याला हसू आलं. कधीतरी आपल्याच हातचं काम झालेलं दिसतंय, फिरून आपल्याकडंच आलं. पण लँडमास्टर त्यानं जन्मात ही एकच उघडली होती, हे त्याला जरा वेळानं आठवलं.

त्यानं ते पॅकिंग रॉकेलमध्ये बुडवून अंगठ्यानं हलकेच चोळलं. वर्षानुवर्षांची काजळी थरथरानं निघाली आणि खालून छापील अक्षरं वर आली. उजव्या बाजूला होतं, रविवार, दि. २३ नोव्हेंबर १९८६, सकाळी ११ वाजता. सोमाजीनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं. वर्ष तेच, महिनाही तोच; आज सात तारीख होती. वरच्या कडेला मु. मोहटोला, ता. गोंडपिपरी. डाव्या बाजूला 'शोकाकुल', आणि त्याच्या खाली दोन नावं, एकाखाली एक. सोमाजी. सत्यशीला.

मधोमध, जिथं नाव असायचं तिथं, गोल भोक होतं.

त्यातून त्याला परातीतलं रॉकेल दिसत होतं. आतून पत्रूच्या हसण्याचा आवाज आला. आईला तो काहीतरी सांगत होता. सोमाजीनं पॅकिंग सदऱ्याला पुसलं, खिशात घातलं आणि तो हात धुवायला उठला.

दुपारी घरात कोणी नसताना त्यानं चहाचा डबा पोत्यावर उपडा केला. एकेक चकती उलटसुलट करून पाहिली. सगळी लग्नं, बारशी, एक दुकानाचं उद्घाटन. हवी होती ती चकती त्यात नव्हती. नसल्याचं बरं वाटावं की वाईट, हे त्याचं त्यालाच कळेना. या भागात दुसरं मोहटोला नव्हतं, आणि या गावात दुसरी सत्यशीला नव्हती. ज्या कार्डावर हे दोघे नवराबायको शोक करणारे, त्यावर मधलं नाव कुणाचं असणार, हे कळायला काही बी. ए. व्हावं लागत नाही.

सोमाजीनं कुणाला सांगितलं नाही. यंत्र बिघडलं की तो आरडाओरडा करत नसे, नीट करायचा. तसंच हेही नीट करायचं त्यानं ठरवलं. तारीख माहीत होती, वेळही माहीत होती. तेवीस तारखेला सकाळी अकरा वाजता पत्रूला घरात, आपल्या डोळ्यांसमोर बसवून ठेवायचं, एवढंच काम होतं. तोवर गाडी बंद राहिलेली बरी. मग जेट बसेनासा झाला, फ्लोट गळू लागला, सुई झिजलेली निघाली. ज्यानं आयुष्यभर बिघाड शोधले तो माणूस आता रोज एक बिघाड तयार करत होता आणि त्याची त्याला मनापासून लाज वाटत होती. पोरगा जेवायला बसला की तो त्याच्याकडं बघत राही. पत्रूच्या मानेवर लहानपणी भाजल्याचा एक डाग होता. इतक्या वर्षांत सोमाजीनं तो कधी इतका नीट पाहिला नव्हता.

"बाबा, अजून किती दिस?" पत्रू विचारायचा.

"होऊन राह्यलं ना," सोमाजी म्हणायचा. "काऊन घाई करतं?"

सोमवारी, सतरा तारखेला, पत्रूचा धीर सुटला. मी आजच गोंडपिपरीहून दुसऱ्या मिस्त्रीला घेऊन येतो, म्हणाला. त्यात राग नव्हता, नुसती निराशा होती, आणि ती सोमाजीच्या काळजाला लागली. त्यानं मनातल्या मनात हिशेब केला. रविवारला अजून सहा दिवस होते. आज याची हौस पुरवली तर रविवारी हा आपलं ऐकेल. नाही पुरवली तर रविवारी नेमका रुसून कुठंतरी निघून जाईल.

"मिस्त्री कायले पाह्यजे?" तो उठला. "दोन घंटे थांब."

दोन तासांत त्यानं ते केलं जे दहा दिवस केलं नव्हतं. वहीच्या पुठ्ठ्याचं कोरं पॅकिंग कापलं, त्यावर एक अक्षरही नाही हे दोनदा पाहून घेतलं, कार्बोरेटर चढवला, हवेचा स्क्रू अंदाजानं बसवला. तिसऱ्या झटक्याला लँडमास्टर खोकली आणि चालू झाली. मग कान लावून त्यानं स्क्रू फिरवला तसा आवाज हळूहळू गोल होत गेला, आणि पत्रूनं आनंदानं बापाला उचललंच. सोमाजी लाजून "सोड बे" म्हणाला.

"वैनगंगेपर्यंत जाऊन येतो बाबा. जेवाच्या वक्ताले परत."

"जाय. पन एक आयक. रविवारी घराबाहेर पाय ठेवाचा नाई. माह्या गळ्याची आन आहे."

"रविवारी काय आहे?"

"काई नाई. मले काम आहे तुह्याशी."

"नाई ठेवत," पत्रू हसून म्हणाला. वळणावर त्यानं विनाकारण लांबलचक हॉर्न वाजवला आणि सागाच्या झाडांआड गाडी दिसेनाशी झाली.

सोमाजीला कितीतरी दिवसांनी हलकं वाटलं. सपरीत बसून त्यानं चहा मागितला आणि सत्यशीला कप घेऊन आली तेव्हा तिला म्हणाला, "बस जरा." रविवारी पोराला अडवायचं तर तिची मदत लागणारच होती. त्यानं खिशातून ते पॅकिंग काढून तिच्या हातावर ठेवलं आणि झिंगूच्या भंगारापासून सगळं सांगितलं. मग म्हणाला, "भेवू नको. रविवारी सकाळी अकरा वाजता आपन दोघं त्याच्या दोन बाजूले बसू. तेवढी वेळ गेली की झालं."

सत्यशीलानं ते उजेडाकडं धरलं. ती सावकाश, बोट ठेवून वाचायची. प्रौढांच्या वर्गात शिकलेली होती. तिचं बोट डाव्या बाजूच्या आपल्या नावावरून फिरलं, मोकळ्या भोकाच्या कडेनं आलं आणि अकरावर येऊन थांबलं.

"आयकता का जी," ती म्हणाली. तिचा आवाज तिचा वाटत नव्हता. "मरनाची वेळ कोन छापते?"

"म्हंजे?"

"मामाजी, तुमचे बाबा, गेले तवा आपन कार्ड छापले होते. त्याच्यावर सकाळी अकरा वाजता असंच होतं. वेळ कार्यक्रमाची छापतेत. वंदनेची, जेवनाची. लोकायले येता यावं म्हनून." तिनं 'शोकाकुल'वर बोट ठेवलं. "हे पुण्यानुमोदनाचं कार्ड आहे जी. मानूस त्याच्या आंधीच गेलेला रायते."

सोमाजीच्या हातातला कप तसाच राहिला. दहा दिवस रात्रंदिवस त्यानं ती तारीख वाचली होती.

"मामाजीचा कार्यक्रम आपन सातव्या दिवशी केला होता," सत्यशीला म्हणाली आणि तिनं हाताची बोटं मिटायला सुरुवात केली. रविवार. शनिवार. शुक्रवार. एका हाताची बोटं संपली तेव्हा ती बुधवारवर होती. मंगळवारला तिनं दुसऱ्या हाताचा अंगठा मिटला. पुढचं बोट तिनं मिटलं नाही. ते तसंच धरून ती नवऱ्याकडं बघत राहिली, आणि त्यानंही आजचा वार उच्चारला नाही.

दोघं रस्त्यावर येऊन उभे राहिले. जेवणाची वेळ झाली आणि टळून गेली. नदीकडं जायला सायकल मागावी तर पाय हलेनात; आपण इथून हललो आणि तो दुसऱ्या वाटेनं आला तर, असं सोमाजीला वाटत होतं. मळणीहून परतणारी माणसं विचारायची, "काऊन उभे आहा भाऊ?" आणि तो म्हणायचा, "पोरगा येऊन राह्यला." उन्हं कलली. बैल घराकडं परतले.

मग आवाज आला. वळणाच्या पलीकडून, सागाच्या झाडीतून. सोमाजीनं तो तत्क्षणी ओळखला. चारही सिलिंडर एका तालात, कुठं खोकला नाही, कुठं अडखळणं नाही. "आला," तो म्हणाला आणि त्यानं सत्यशीलाचा हात घट्ट धरला. लग्नानंतर भर रस्त्यात त्यानं तो पहिल्यांदाच धरला असेल. वळणावर हॉर्न वाजला नाही. गाडी फार हळू येत होती, आत काहीतरी सांडेल अशा बेतानं. तिला कुठं साधा ओरखडाही नव्हता.

ती त्यांच्यासमोर येऊन थांबली. स्टिअरिंगवर एक अनोळखी माणूस होता, चाळिशीचा, अंगात नुसती बनियान. शेजारची सीट रिकामी होती. मागच्या सीटवर आडव्या कशावर तरी त्या माणसाचा सदरा पांघरलेला होता. इंजिन बंद न करता त्यानं काचेतून मान बाहेर काढली आणि खालच्या आवाजात विचारलं, "भाऊ, सोमाजी दुर्गेचं घर कोनतं जी?"

सोमाजीच्या पाठीशी दहा पावलांवर त्याचंच दार उघडं होतं. त्यानं हात उचलला आणि गावाच्या पार पलीकडं, जिथं रस्ता जंगलात शिरतो तिकडं बोट दाखवलं.

"पुढं आहे," तो म्हणाला. "अजून लय पुढं."