सशाची जिवाणी

माणसाच्या बुद्धीने आजवर साधलेली सर्वांत सूक्ष्म पारख एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरच्या चैत्रात कारंज्याच्या एसटी स्टँडवर उतरली, आणि उतरल्या उतरल्या तिने कस्तुरचंदच्या शर्टावर लघवी केली.

ही पारख म्हणजे टोपलीतला पांढरा ससा. कस्तुरचंद नागपूरच्या एका प्रयोगशाळेत संशोधक. सशाच्या रक्तातून काढलेला द्रव त्याने घरूनच नेलेल्या थर्मासात बर्फावर ठेवला होता. ससा आणि थर्मास दोन्ही पुण्याच्या सरांकडे पोचवायचे होते. तिथे सशाचं उरलेलं रक्तही काढून घेणार होते. बर्फ बदलायला तेवढा तो वाटेत कारंज्याच्या घरी थांबला.

अंगणातल्या विहिरीपाशी त्याची आई पानाबाई दुहेरी फडक्यातून पाणी गाळत होत्या.

"ससा कायले घेऊन फिरून राह्यला रे?"

"आई, प्रथिनं म्हंजे मण्यांच्या माळा. त्यात लायसीन नावाचा मणी असते. कधी त्याच्यावर मिथाइलचा ठिपका बसते. एक कार्बन, तीन हायड्रोजन, बस. कोणत्याच सूक्ष्मदर्शकात दिसत नाही. ठिपकेवाली प्रथिनं आमी या सशाले टोचली. आता याच्या रक्तातली प्रतिपिंडं ठिपकेवालाच मणी धरतात. साध्या मण्याकडे ढुंकून पाहत नाहीत."

पानाबाईंचा हात थांबला. पाण्यातले न दिसणारे जीव वाचवायला त्या जैन रीतीप्रमाणे जन्मभर पाणी गाळत आल्या होत्या. आपली बाजू कोणी घेईल, तीही मुलाच्या प्रयोगशाळेतून, ही आशा त्यांनी केव्हाच सोडली होती.

"म्हंजे याच्या रगतातच गाळणं हाये. कोनं शिकवलं त्याले?"

"कोणीच नाही. आपला आपण शिकला."

त्यांनी पदर डोक्यावर घेऊन सशाला हात जोडले. ससा टोपली खात होता. इतके दिवस कस्तुरचंदने हे सगळं आकड्यांतच पाहिलं होतं. आज त्या धडधडणाऱ्या मूठभर अंगाकडे बघताना त्याच्या अंगावर काटा आला.

पानाबाईंनी फडकं उलटं करून बादलीत खळबळलं. गाळण्यावर राहिलेले जीव, म्हणजे जिवाणी, ज्या विहिरीतले त्याच विहिरीत परत सोडायचे, ही घरची रीत.

"याचं काढलेलं याच्यात परत कधी सोडता?"

बादली दोराला लटकत असताना खोटं बोलणं त्याला जमेना.

"सोडत नाही, आई. पुण्यात राह्यलेलंही काढतात."

पाण्याला धक्का लागू न देता त्यांनी बादली खाली नेली. मग म्हणाल्या, "मी घागर नेतो, विहीर नाही नेत. थर्मास ने. हा इथं राहू दे."

"सर विचारतील ना."

"सांग, आईनं ठेवून घेतला."

प्रयोग अपुरा राहण्याची अनेक कारणं कस्तुरचंदने वाचली होती. हे त्यांत नव्हतं. सशाच्या कानावरच्या सुयांच्या डागांवरून त्याने बोट फिरवलं. मग त्याने टोपली विहिरीच्या सावलीत सरकवली, थर्मास उचलला आणि आईच्या पाया पडला.

"एक सांगतो, आयकशील?" पानाबाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "थर्मास धुवून परत आण. दिवाळीपासून तुह्या बाबाचा चहा दुकानात गार जाऊन राह्यला."