ठरावातलं मैदान

आमच्या गावचं क्रीडा उद्यान तळ्यात आहे. हे तळं लोकांनी बाहत्तरच्या दुष्काळात खोदलं आणि पुढच्या एका दुष्काळात आमच्या सहकारी सोसायटीने मुरूम टाकून बुजवलं. तळ्यात पाणी नाहीच, तर निदान पोरं तरी खेळतील, असा उदात्त विचार चेअरमन अर्जुनरावांनी मांडला होता. सोसायटीचा सचिव म्हणून तो ठराव मीच लिहिला.

धावपट्टी आखली तेव्हा एक फेरी चारशे मीटरची होती. मग एका वळणावर अर्जुनरावांच्या वडिलांच्या नावाची कमान आली, दुसऱ्या वळणावर सोसायटीचे बारा गाळे. धावपट्टी बिचारी समजूतदार, दर वेळी निमूट आत सरकली.

तिच्यावर सत्वशीला पळायची. तिची आई साखराबाई दर साल ऊसतोडीला जाते. पोरगी पोलिसात लागावी, तिच्या हाती कोयता येऊ नये, एवढीच तिची इच्छा. भरतीत मुलींना आठशे मीटर पळावं लागतं. सत्वशीला दोन फेऱ्या अडीच मिनिटांच्या आत मारायची. अर्जुनरावांनी लगेच ‘विक्रमवीर’ म्हणून तिचा बॅनर लावला. त्यावर तिच्यापेक्षा त्यांचा फोटो मोठा होता, पण ते चालायचंच.

गावात एकाच माणसाला हा विक्रम पचेना, निवृत्त पी.टी. मास्तर राधाकिशन यांना. त्यांनी टेप लावून मैदान मोजलं आणि ते वार्षिक सभेत उभे राहिले.

"फेरी तीनशेची हाय. पोरगी फसंल."

"मास्तर, मैदान सोसायटीचं हाय," अर्जुनराव हसले. "किती मीटरचं ते सभा ठरवील. बोला, चारशे मंजूर?"

"मंजूर! मंजूर!"

सभासदांचे हात सवयीने वर गेले. सगळ्यात मोठा आवाज मागे बसलेल्या साखराबाईचा होता. लेकीच्या विक्रमाला कोण आई नाही म्हणेल? मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, कारण मोजताना टेपचं दुसरं टोक मीच धरलं होतं. मी मान खाली घालून लिहिलं, ‘फेरी चारशे मीटरची असल्याचे सर्वानुमते मंजूर.’ पुढच्या ठरावाने मास्तरांना मैदानबंदी झाली. तोही माझ्याच अक्षरात आहे.

जूनमध्ये बीडला भरती झाली. सत्वशीला जीव खाऊन पळाली. सहाशे मीटरपर्यंत सगळ्यांच्या पुढे होती, मग पाय उचलेनात. उरलेलं अंतर ती जवळजवळ चालतच गेली. निवड यादीत तिचं नाव आलं नाही. अर्जुनरावांनी बॅनर मात्र काढला नाही, त्यावर त्यांचाही फोटो होता ना.

दसऱ्यानंतर मुकादमाचा ट्रक आला. साखराबाई वर चढली आणि मला बघून वाकली.

"भाऊसाहेब, बीडचं मैदान आपल्यापरीस लई मोठं हाय का वो?"

खरं सांगायला एवढी सोपी वेळ पुन्हा आली नसती. मला स्वतःची शरम वाटली, तरी मी म्हणालो, "हो. लई मोठं आहे."

"तरीच," ती म्हणाली, आणि खाली उभ्या सत्वशीलाच्या हातातला कोयता आधी वर घेतला, मग तिला.