कोहमाऱ्याचा तिमाही निकाल

कोहमाऱ्याच्या ढाबेवाल्या केवळरामचा कंपनीवाल्यांवर रत्तीभर विश्वास नव्हता, आणि तरी एका सिमेंट कंपनीचे शेअर त्यानं घेऊन ठेवले होते. ढाब्याखालची भाड्याची जागा मालक केशोरावकडून विकत घ्यायची, तर दुसरा इलाज काय? २००९ साली तूरडाळ कडाडली तेव्हा त्यानं आचाऱ्याला गंजात, म्हणजे डाळीच्या मोठ्या पातेल्यात, डाळ कमी नि पाणी जास्त घालायला लावलं आणि वाचलेल्या पैशातून आणखी शेअर घेतले.

दर तीन महिन्यांनी कंपनीचा निकाल यायचा. आकडे काय, बसल्या जागी कोणीही लिहील! केवळरामचा भरवसा एकाच गोष्टीवर: देवरीकडून येणारे कंपनीचे निळे ट्रक. ते ढाब्यासमोर ओळीनं उभे, म्हणजे माल खपतो आहे.

त्या दिवाळीच्या सुमारास ट्रक थांबेनासे झाले. समोरून धडधडत जायचे, पण ते रिकामेच असणार, अशी त्याची खात्री. भरला ट्रक जेवायला थांबतोच! गोंदियाच्या दलालानं फोनवर समजावलं की निकाल चांगला येईल, धीर धरा. झालं, संशय आणखीच बळावला. बायको प्रेमिलाही निकालापर्यंत थांबा म्हणाली.

"ट्रकच थांबून नाही राह्यले, त नफा कुठून येऊन राह्यला?" असं म्हणून त्यानं सगळे शेअर मिळेल त्या भावात विकून टाकले.

निकाल आला. नफा दुप्पट, आणि भाव चढला तो चढतच गेला. केवळराम पेपर आपटून म्हणाला, सारं खोटं आहे. संशयाला औषध नसतं, तेच खरं.

दोन दिवसांनी एक निळा ट्रक पंक्चर होऊन दारातच उभा राहिला, चांगला गच्च भरलेला. प्रेमिलानं ड्रायव्हरला विचारलं, तर म्हणाला की गाड्या पहिल्यापेक्षा जास्त आहेत, साऱ्या पुढच्या वळणावर ईश्वरदासच्या ढाब्यावर जेवतात.

"काऊन?" केवळरामनं कारण विचारलं.

"भैया, आपकी दाल में अब दाल कहाँ है?"

केवळरामला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"साऱ्या जगावर संशय घेतला तुमी," प्रेमिला म्हणाली, "एकडाव आपल्या गंजात पाहाले काय झालं होतं?"

महिनाभरानं केशोराव जागा मोजायला आला. सोबत गिऱ्हाईक म्हणून ईश्वरदास होता. केवळरामनं दोघांना चहा दिला, आणि त्यात पाण्याचा थेंब घातला नाही.