डावीकडचा इशारा

क्रेनवाल्या वहिनींशी कोणी वाद घालायचा नाही, हे साऱ्या कारखान्याला ठाऊक होतं. एके दिवशी त्यांच्या मेंदूला झटका आला आणि डोळे शाबूत असूनही डावीकडचं दिसेनासं झालं. तरी शुद्धीवर येताच त्यांनी निरोप धाडला, माझी केबिन दुसऱ्या कोणाला देऊ नका. उंचावरच्या त्या काचेच्या खोलीत त्यांचा जीव अडकला होता.

तपासणीत डोक्यावर मेंदूतली हालचाल टिपणारी तारांची टोपी चढली. पडद्यावर ठिपका कुठे उमटला ते सांगायचं. डावीकडे उमटला की वहिनी गप्प. अंदाजाने सांगा म्हटलं तरी तोंड उघडेनात. खालून इशारा करणाऱ्या माणसाचा हात स्वतःला दिसल्याशिवाय हूक इंचभर हलवायचा नाही, ही त्यांची उभ्या जन्माची सवय. अंदाजाचं त्यांना वावडंच. शेवटी डॉक्टरीणबाईंनी हात जोडले तेव्हा वहिनींनी आठ्या घालून वाट्टेल ते ठोकून दिलं. बहुतेक सगळं बरोबर निघालं. टोपीचंही म्हणणं तेच, डावीकडे ठिपका उमटला की मेंदूत हालचाल होते. वहिनींना मात्र तिथे अंधारसुद्धा नाही, काहीच नाही. डोळ्यांतून मेंदूत शिरलेलं तुम्हाला का कळत नाही, ते आम्हालाही नीट उमगलेलं नाही, असं बाईंनी मोकळेपणी कबूल केलं.

रिपोर्ट वाचून कारखान्याच्या साहेबांना एवढं पुरलं. माणसं कमी, काम तुंबलेलं. त्यांनी वहिनींना ऑफिसात बोलावून केबिनची किल्ली टेबलावर सरकवली. ती झडप घालून उचलावी असं वहिनींना वाटलं, खोटं कशाला बोला. पण उजवीकडे भट्टी असल्यामुळे इशारेवाला डावीकडेच उभा राहणार. हुकावर नजर ठेवली की तो नाहीसा, त्याच्याकडे मान वळवली की हुकावरची नजर सुटली. आणि इशारेवाला होता त्यांचा धाकटा दीर.

"मी राहतो की उभा, वहिनी," तो दारातून म्हणाला. "माझा विश्वास आहे."

"गप्प बसा, भाऊजी." वहिनींनी किल्ली परत ढकलली. "मेंदूला दिसत असेल, साहेब. मला दिसत नाही. आणि हूक मी हलवते."

रिपोर्ट तर चांगला आहे, असं साहेब पुटपुटले.

"मग रिपोर्टलाच चढवा वर."

बाहेर लोखंडी जिन्यावर मात्र त्यांना रडू फुटलं. दिराने हात पुढे केला, तो त्यांनी झिडकारला. मान डावीकडे वळवून एकेक पायरी स्वतः बघत, रडत रडत त्या खाली उतरल्या.