तिसातली तिसरी

"खिळा ठोकू नकोस, वितीना. ही आमच्या घरात लागणार नाही," डोनातामावशी म्हणाल्या.

शेजारच्या घरातली मी, हातोडी घेऊन त्यांच्या खुर्चीवर चढले होते. 'ही' टेबलावर, तसबिरीत, पडली होती. सुतकाच्या काळ्या कपड्यांतली, दाराची चौकट धरून उभी असलेली आणि मनापासून हसणारी कोवळी पोर. म्हणजे डोनातामावशींची धाकटी बहीण कोझिमा, जी आता पांढऱ्या केसांनी शेजारीच शेंगा सोलत बसली होती.

आमच्या गावात आलेल्या एका परदेशी माणसानं काढलेलं ते छायाचित्र पुढे जगभर गाजलं. तो वारल्यावर त्याच्या मुलीनं मोजून तीसच प्रती छापल्या आणि तिसरी कोझिमामावशीला पाठवली. शहरात लोक त्या हसण्यापुढे उभे राहून डोळे पुसतात म्हणे. मलाही लहानपणापासून त्या हसण्याची ओढ. गावानं मात्र तेव्हा या घराच्या तोंडात शेण घातलं होतं. बापाला पुरून महिना झाला नाही आणि पोरगी दात काढते! फोटो मासिकात आला तसं गिरणीवाल्यांनी डोनाताचं ठरलेलं लग्न मोडलं. बेशरम घरातली सून त्यांना नको होती. दोघी बहिणी मग एकाच छपराखाली म्हाताऱ्या झाल्या. बोलायच्या त्या मिठाविषयी, नाहीतर कोंबड्यांविषयी.

दुपार टळत नव्हती. लोटलेल्या खिडकीच्या फटीतून ऊन येऊन काचेवर हलत होतं, आणि ती पोर पाण्याखालून वर बघतेय असं वाटत होतं. मला गुंगी यायला लागली.

"नगरपालिकेला देऊन टाक. मिरवतील जत्रेत," डोनातामावशी म्हणाल्या.

"देते. पण ताई, एकदा तरी विचारायचंस गं, का हसलीस म्हणून."

मला खुर्चीवरून उतरायचंही सुचेना.

"का हसलीस?" डोनातामावशींनी विचारलं.

"त्या माणसाच्या पाठीमागे दोरीवर बाबांचा निळा सदरा वाळत होता. वारा शिरला आणि तो फुगला. दोन्ही हात वर केले त्यानं. शेतावरून येताना बाबा लांबूनच करायचे ना, तसे. मला वाटलं, आले."



"आई म्हणाली होती, त्यांचे कपडे धुवायचे नाहीत, वास जाईल," डोनातामावशी म्हणाल्या. "मला तो वास सोसेना. ती चर्चला गेली तेव्हा गुपचूप धुतला. मीच वाळत घातला होता तो."

कोझिमामावशीचे हात शेंगांवर थांबले.

डोनातामावशींनी चष्मा चढवला आणि तसबीर दोन्ही हातांनी जवळ ओढली. छायाचित्रात सदरा कुठेच नव्हता. पोरीच्या डोळ्यांत तरी दिसतो का, म्हणून त्या वाकून बघत राहिल्या.