दातांचा रकाना

दातांचं नको गं, पोरी. नुसतं अंगाचं ठेव... मावशींचा आवाज मागच्या वर्षीचा, आणि बोटांखाली यंदाचा पिवळा फॉर्म. ‘दंतविमा’ या शब्दापुढे दोन चौकोन, ‘हवा’ आणि ‘नको’. ‘नको’मध्ये कुणीतरी पेन्सिलीने इतकी दाबून फुली मारून दिली होती की कागदाच्या मागून ती हाताला लागत होती. खाली मावशींची सही आणि सहीशेजारी कागद चिकटवायच्या खळीचा वाळलेला डाग.

तिने अंगठ्याने डाग खरवडून पाहिला. निघाला नाही.

छापखान्याच्या ऑफिसात वर्षातून एकदा हे फॉर्म तिच्या टेबलावर येत. आजारपणाच्या विम्याचे तीन हिस्से मालक भरणार, चौथा कामगाराच्या पगारातून जाणार. दातांचा मात्र वर्षानुवर्षं सगळाच कामगाराने भरायचा, म्हणून तो कुणी घेत नसे. ठरल्या दिवशी साडेअकराला विमा कंपनीचा माणूस गठ्ठा नेई, की पुढे वर्षभर त्यात काही बदलता येत नसे. तो दिवस आजचा. पावणेअकरा झाले होते. आणि बारापर्यंत तिचं मौन.

आईच्या आजारपणात धरलेलं – उठल्यापासून दुपारी बारापर्यंत. आई बरी झाली, मौन राहिलं. नऊ वर्षांत एकदाही मोडलं नाही. कामच कागदाचं, म्हणून साहेबांनी कधी कुरकुर केली नाही; अगदीच लागलं तर टेबलावर एक वही होती. यंत्रांवरचे लोक म्हणत, बाईंना बाराला चावी मिळते. ती हसायची. खरं तर त्या हसण्यात थोडा अभिमान असायचा, हे तिला अलीकडे कळू लागलं होतं.

मागच्या वर्षी याच दिवशी सकाळी मालकांचं पत्र आलं होतं – यापुढे दातांचाही निम्मा हप्ता आम्ही भरू. पत्र वाचून होतं न होतं तोच मावशी टेबलाशी. शिलाई विभागातली सगळ्यात जुनी बाई; तीस वर्षं पुस्तकांच्या घडी घातलेल्या पानांचे फर्मे शिवत आलेली, दोरा दातांनी तोडणारी. दातांचं नको म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या, “भाड्याने राहिलेत ते, जातील कधीतरी.” तिने एक बोट वर केलं. थांबा, मी येऊन सांगते. मावशींनी भरवशाने मान डोलावली आणि खाली गेल्या. साडेअकराला गठ्ठा गेला, पत्र तिच्या फाइलीतच राहिलं...

वही होती की. दोन शब्द – निम्मे मालक. मावशींचा चष्मा खालीच राहिला होता, मागे रांग होती, हे वर्षभर तिने स्वतःला सांगून पाहिलं; देवापुढे बसल्यावर ते टिकत नसे. देवा, रांगेचं मला काही वाटलं नव्हतं. मला माझी सकाळ नितळ हवी होती. लिहिलं असतं तर त्यांनी चार प्रश्न विचारले असते, मला चार उत्तरं लिहावी लागली असती... मी बोट वर केलं, आणि तेवढ्यानेच मला सुटल्यासारखं वाटलं.

चार महिन्यांनी मावशींचे समोरचे दोन दात हलू लागले. डॉक्टर म्हणाले, वाचतील, पण पाच-सहा खेपा लागतील. खर्च ऐकून मावशींनी ते काढूनच टाकायला सांगितले. मग गळ्यात नाडीला कात्री आली. “म्हातारपणी दात आलाय,” त्या सगळ्यांना दाखवत, “लोखंडी आहे, किडायचा नाही.” हसताना तोंडावर हात. कात्रीने काम मंदावलं, आणि गेल्या महिन्यात मुकादमाने त्यांना शिलाईवरून उठवून पुस्तकं गुंडाळायला बसवलं. परवा पाणी पिताना त्यांनी गाल धरला होता. खालचेही...

आणि त्या बोटाचा अर्थ मावशींनी कधी विचारला नाही.

खोडरबर हाताशीच होतं. तिने फुली पुसली. आता ‘हवा’मध्ये एक खूण. पगारातून निम्मे कापले गेले की सांगायचं, मालकांनी यंदापासून सुरू केलंय. यंदापासून – एवढाच एक शब्द. मावशींचे उरलेले दात वाचतील, माझं मौनही राहील... पेन्सिल चौकोनावर टेकली. कागदामागे मात्र पुसलेल्या फुलीचा उंचवटा तसाच होता; बोट पुन्हा पुन्हा तिथेच जात होतं.

न विचारता त्यांच्या पगाराला हात लावायचा, आणि वर तो शब्द. बारा वाजल्यानंतर बोललं म्हणून खोटं काय कमी खोटं होणार होतं?

तिने पेन्सिल खाली ठेवली. फॉर्म घेतला, वही घेतली, दारापर्यंत गेली. मग परत येऊन वही टेबलावर ठेवली. पलीकडच्या टेबलावरच्या हिशेबनिसाने मान वर केली, घड्याळाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा हिशेबात डोकं घातलं. विचारूनही उपयोग नाही, हे नऊ वर्षांत त्याच्या अंगवळणी पडलं होतं.

जिन्यात तिने ओठांआड शब्द जुळवून पाहिला – मावशी, मागच्या वर्षीच... नऊ वर्षांची सकाळ सांडणार म्हणून रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण आत नुसतं रिकामं होतं, सामान हलवलेल्या खोलीसारखं; आणि त्या रिकामेपणाची तिला भीती वाटत नव्हती, याचंच नवल वाटत होतं. खालून यंत्रांचा धडधडाट वर येत होता. मावशींचं नवं टेबल अगदी यंत्रांना लागून. तिथे हळू बोललेलं कुणालाच ऐकू जात नाही.

फॉर्म छातीशी धरून ती उरलेल्या पायऱ्या उतरू लागली.