उलट्या बोटाची तपासणी

शॉक लागून माणूस मेला तर वीजखात्यात त्याची चोख व्यवस्था होती. वायरमन मेला नाही आणि तिथूनच सगळा घोळ सुरू झाला.

तीन महिन्यांपूर्वी खांबावर झटका बसला आणि त्याच्या उजव्या हाताची बोटं बधिर झाली, हाताला नुसत्या मुंग्या. पक्कड हातातून सुटली, हे त्याला ती खाली आपटल्यावर कळायचं. घरात मिक्सर सुरू झाला की हा गडी दुसऱ्या खोलीत. शर्टाची बटणं बायको लावायची आणि त्यापायी तिच्या शिवणकामाची सकाळ बुडायची. अशात हुकूम आला, सोमवारपासून पुन्हा खांबावर. तो टळायचा तर वैद्यकीय मंडळाचा दाखला हवा.

"या वेळी चढलात तर खात्याचं काम सोपं करून ठेवाल," शेवटचं बटण लावत बायको म्हणाली. "मी येते सोबत."

कारकुनाने फॉर्म उघडला. "यात दोनच रकाने आहेत. मयत आणि कामास योग्य. यांना कुठे बसवू?"

"मधे कुठेतरी," बायको म्हणाली.

"मधे रेघ आहे, वहिनी." कारकून मनापासून हळहळला. "मयत असते तर दुपारपर्यंत मोकळे झाले असते. अर्जदाराची सहीसुद्धा लागत नाही."

फॉर्म घेऊन कारकून दोघांना आत घेऊन गेला. आत मंडळ म्हणजे एक डॉक्टर आणि अध्यक्षसाहेब. साहेबांनी उकाड्यामुळे बूट काढून पाय नुकत्याच पुसलेल्या ओल्या फरशीवर सोडले होते. डॉक्टरांनी टाचणी टोचली. "कळलं?"

"नाही."

"नाही असं सगळेच म्हणतात," साहेब म्हणाले. "बोटं पाचच्या पाच आहेत. कुठे भाजलेलं नाही. मी सही कशावर करू?"

तेवढ्यात टेबलफॅन बंद पडला.

"तू वायरमन ना? बघ जरा," साहेब म्हणाले.

फुटक्या सॉकेटमधून एक तार बाहेर लोंबत होती. खिशात टेस्टर बाळगणं म्हणजे नवखेपणा, असं मानणाऱ्यांतला हा वायरमन. तारेला बोटाची मागची बाजू हलकेच लावायची. करंट असला तर हात आपोआप मागे येतो. वीस वर्षं हेच. पायातल्या रबरी चपलांसकट तो पुढे झाला, सवयीने उजवं बोट उलटं लावलं. काही नाही.

"तार मेलीय, साहेब."

"मग एवढंच ना," म्हणत साहेबांनी तार खोचायला हात घातला आणि पुढच्या क्षणी ते डॉक्टरांच्या मांडीवर बसलेले होते.

डॉक्टर खूश झाले. "बधिरपणा सिद्ध झाला. याहून पक्की तपासणी होणं नाही." त्यांनी दोन रकान्यांमधल्या रेघेवरच शेरा लिहिला. साहेबांनी सही केली, पण हात असा थरथरत होता की ती निम्मी टेबलावर उमटली.

कारकुनाने फॉर्म उजेडात धरला. "ही जुळत नाही. आजच्या तपासणीला आजचीच सही लागते. आता साहेबांचा हात बरा झाला की फेरतपासणी. तोवर हुकूम कायम, सोमवारी खांब."

फेरतपासणीत साहेब पुन्हा तार धरणार नाहीत, हे वायरमनला कळत होतं. तो जायला निघाला. बायको बसून राहिली.

"साहेब, सोमवारी तुम्ही येणार कामावर?"

"कसा येणार बाई? पेन धरवत नाही."

"यांना पक्कड धरायचीय. वर, खांबावर."

साहेबांनी आपल्या हाताकडे पाहिलं, मग पहिल्यांदाच वायरमनच्या. "या मुंग्या जातात ना रे?" त्यांनी हळूच विचारलं.

"माझ्या तीन महिन्यांत गेल्या नाहीत."

साहेबांनी बोटं दोनदा मिटून उघडून पाहिली. ते कारकुनाला म्हणाले, "लिहा. माझा हात बरा होईपर्यंत याला खाली, मीटरच्या खोलीत बसवा."

कारकुनाने शब्दन् शब्द उतरवला.

वायरमन आता मीटरच्या खोलीत बसतो. त्याची बटणं लावून झाली की बायको साहेबांच्या घरी जाऊन हाताची विचारपूस करते. "अजून मुंग्या येतात," असं ऐकलं की तिचा जीव भांड्यात पडतो. साहेब आपल्या बायकोला सांगतात, परकी बाई, पण माया बघ किती.